इकॉनॉमीने जाणाऱ्यांनी कोणता फ्रिक्वेंट फ्लायर प्रोग्रॅम धरावा? (गुहागर–मुंबई–मस्कत, आणि आईसाठी लंडन)

गुहागरकर_मस्कत

नमस्कार मंडळी. मी मूळचा गुहागर तालुक्यातला, नऊ वर्षं झाली मस्कतला अकाउंट्समध्ये आहे. वर्षातून दोनदा घरी येतो, गणपतीला आणि मे महिन्यात, त्यातलं एक तिकीट कंपनी देते आणि एक माझ्या खिशातून. बायको आणि मुलगी चिपळूणला असतात, त्या दोघी दिवाळीच्या सुट्टीत इकडे येतात. म्हणजे घरातली मिळून वर्षाला चार रिटर्न तिकिटं, सगळी इकॉनॉमी.

इतकी वर्षं प्रत्येक वेळी जे स्वस्त मिळेल ते घेतलं आणि प्रत्येक विमान कंपनीने फ्रिक्वेंट फ्लायर मेंबर व्हा, प्रवासाचे पॉईंट मिळतील म्हटलं की झालो. गेल्या शुक्रवारी सुट्टी होती म्हणून सगळी खाती उघडून बसलो. पाच खाती निघाली. एकातले सगळे पॉईंट मुदत संपून गेलेले, आणि तेच खातं सगळ्यात भरलेलं होतं, मला फार वाईट वाटलं कारण त्यात बायको-मुलीच्या पहिल्या मस्कत ट्रिपचे पण पॉईंट होते. दोन खात्यांत किरकोळ, उरलेल्या दोन्हीत माझं नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिलंय.

आता कारण असं झालंय की धाकटी बहीण लंडनला असते, तिला दिवस गेलेत, आणि आईला तिच्याकडे तीन महिन्यांसाठी पाठवायचंय. आई आजवर विमानात बसलेली नाही. म्हणून म्हटलं आता एकदाचं नीट ठरवू या. माझ्यासारख्याने एकच प्रोग्रॅम धरावा का, कोणता, आणि आईचं तिकीट त्यात कसं बसवावं? ज्यांनी खरंच पॉईंट वापरून तिकीट काढलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रत्नांग्रीकर_बंगळूर

दादा, मी थोडं उलट सांगतो, राग मानू नका. मुंबई-मस्कत हवाई अंतर साधारण ९८० मैल आहे. तुमच्या दोन रिटर्नचे चार फेऱ्या धरल्या तर वर्षाला ३९०० मैल झाले. स्वस्त तिकिटावर बऱ्याच वेळा अंतराच्या २५ टक्केच मैल (म्हणजे पॉईंटच) मिळतात, म्हणजे हजाराच्या आतबाहेर. ह्याच्यासाठी तुम्ही एका तिकिटाला दोन-तीन हजार रुपये जास्त मोजले तर सरळ तोटा आहे. तिकिटात वाचलेले पैसे ताबडतोब हातात असतात आणि त्यांना मुदत नसते.

मी स्वतः बंगळूरहून घरी येतो तेव्हा हाच हिशोब करतो. रत्नागिरीला प्रवासी विमान नाहीच त्यामुळे गोव्याचं मोपा किंवा मुंबई. देशातल्या देशात माझ्यापुढे दोनच गोष्टी, इंडिगोचं ब्लूचिप आणि एअर इंडियाचं महाराजा क्लब, आणि दोन्ही ठिकाणी तुम्ही किती लांब गेलात ह्यापेक्षा किती पैसे खर्च केलेत त्यावर पॉईंट मिळतात. म्हणजे स्वस्त तिकीट काढणाऱ्याला कमीच मिळणार. दोन्ही खाती फुकट आहेत म्हणून नंबर टाकतो, पण त्यासाठी विमान कधी बदललं नाही.

सावंतवाडी_तिकीटवाली

मी सावंतवाडीत तिकिटांचं काम करते, चौदा वर्षं झाली, त्यामुळे रोज हेच बघते. बंगळूरवाल्या दादांचा हिशोब बरोबर आहे पण अर्धा आहे. सांगते का ते.

आपल्याकडे लोक प्रोग्रॅमपासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. कोकणातल्या माणसाने आधी विमानतळ ठरवायचा, मग त्या विमानतळावरून आपल्या गावाला सोयीचं विमान कुठलं ते बघायचं, आणि पॉईंट सगळ्यात शेवटी. वेंगुर्ल्याच्या माणसाला मोपा दाराशी आहे, तो पॉईंटसाठी मुंबईला गेला तर ट्रेनचं तिकीट, रात्रीचा मुक्काम, टॅक्सी ह्यातच वर्षाच्या पॉईंटची किंमत संपते. गुहागर-चिपळूणला मात्र मुंबईच बरी. बायको-मुलगी चिपळूणला ट्रेनमध्ये बसल्या की ठाण्याला उतरून मुंबई विमानतळाचं टर्मिनल टू गाठतात, तुमचं तसंच असणार.

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं म्हणाल तर ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं तेव्हा अलायन्स एअर मुंबईला जायचं. तेव्हा माझ्याकडे कितीतरी जण एअर इंडियाचा मेंबर नंबर घेऊन आले, सरकारी विमान म्हणजे तेच असं समजून. पण २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली आणि अलायन्स एअर सरकारकडेच राहिली, ती स्टार अलायन्समध्ये (हा विमान कंपन्यांचा गट, एकीच्या प्रवासाचे मैल दुसरीच्या खात्यात टाकता येतात) पण नाही. एअर इंडिया एक्स्प्रेसचं पण तेच, घर टाटांचंच पण स्टार अलायन्सची मेंबर नाही. आखातात जाणारे आपले लोक हिथे सगळ्यात जास्त फसतात, नाव सारखं म्हणून पॉईंट पण मिळतील असं धरून चालतात.

आता क्लासचं. इकॉनॉमी म्हणजे एकच क्लास नसतो. तिकिटावर फ्लाईट नंबरच्या शेजारी एक अक्षर असतं, त्याला बुकिंग क्लास म्हणतात. वाय म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, आणि खाली स्वस्त स्वस्त होत जाणारी बाकीची अक्षरं. सीट तीच, जेवण तेच, पण एका अक्षराला १०० टक्के मैल, दुसऱ्याला ५०, तिसऱ्याला २५ आणि काही अक्षरांना शून्य. आणि हे कोष्टक प्रत्येक प्रोग्रॅमचं वेगळं असतं! म्हणजे एकच फ्लाईट तुम्ही एका प्रोग्रॅममध्ये टाकली तर पॉईंट मिळतील आणि दुसऱ्यात टाकली तर काहीच नाही. एका प्रवासाचे पॉईंट एकाच खात्यात जातात, दोन्हीकडे नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी ते अक्षर विचारते, मग खातं कुठलं ते सांगते.

गुहागरकर दादा, तुम्ही बहुतेक वेळा कुठल्या विमानाने येता ते लिहा म्हणजे नेमकं सांगता येईल.

तांडेल_देवगड

मी जहाजावर सेकंड इंजिनिअर. आमचं गणित पूर्ण निराळं असतं ते लिहितो, कारण इथे बरेच दर्यावर्दी वाचणारे आहेत.

आमचं तिकीट मॅनिंग ऑफिस, म्हणजे जहाजावर माणसं पाठवणारं ऑफिस, काढतं. कधी सिंगापूरला जॉईन, कधी रॉटरडॅम, कधी फुजैरा, आणि साईन ऑफ, म्हणजे जहाजावरून उतरणं, कुठे होणार ते देवाला माहीत. विमान निवडायचा अधिकार आम्हाला नाही त्यामुळे एकाच कंपनीशी निष्ठा ठेवून काही उपयोग नाही, अलायन्स धरावी लागते. स्टार अलायन्स १९९७ ची, वनवर्ल्ड १९९९ ची, स्कायटीम २००० ची, ह्या तिघींमध्ये जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या आल्या. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच अलायन्समध्ये नाहीत हे लक्षात ठेवा. मी स्टारमध्ये एक खातं ठेवलंय, वनवर्ल्डमध्ये एक, आणि एमिरेट्सचं वेगळं. तीनच. तिकीट कंपनीने काढलं तरी पॉईंट प्रवाशाचे असतात, फक्त ऑफिसला मेल करून नंबर बुकिंगमध्ये टाकायला सांगायचा, न सांगता कोणी टाकत नाही.

मरीन फेअरला, म्हणजे जहाजवाल्यांच्या तिकिटाला, सामान जास्त मिळतं पण पॉईंटच्या बाबतीत काही कंपन्या देतात काही देत नाहीत. माझा एकदा मुंबई ते दक्षिण अमेरिका असा दीड दिवसाचा प्रवास झाला आणि एकही मैल जमा झाला नाही, कारण क्लासचं अक्षर शून्यवालं. तेव्हापासून मी आधी बघतो.

आणि इकॉनॉमीवाल्याला स्टेटसचा, म्हणजे खूप उडणाऱ्या मेंबरला मिळणाऱ्या वरच्या दर्जाचा, उपयोग काय असं लोक विचारतात. मला एक वर्ष लागोपाठ लांबचे पल्ले पडले आणि स्टार गोल्ड मिळालं. त्या वर्षी इकॉनॉमीच्या तिकिटावर २० किलो जास्तीचं सामान, लाउंज, चेकइनची वेगळी रांग, बॅगा पट्ट्यावर आधी. चौदा महिन्यांनी घरी जाणाऱ्या माणसाला फ्रँकफर्टला सात तासांच्या थांब्यात अंघोळ करून गरम जेवायला मिळणं म्हणजे काय ते मीच जाणतो. परत जाताना त्या २० किलोत आईने दिलेलं कोकम, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, फणसपोळी, सगळं गेलं, जहाजावरच्या सगळ्यांनी खाल्लं.

पण ते सिल्व्हर म्हणून जे असतं ना त्याच्यामागे धावू नका. स्टार सिल्व्हरला वेटिंग लिस्टमध्ये थोडं वर ठेवतात ह्यापलीकडे अलायन्सभर फारसं काही मिळत नाही. आणि गोल्ड सोपं नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरला गोल्डसाठी ५०,००० एलिट मैल (स्टेटससाठी मोजतात ते) लागतात. मुंबई-सिंगापूर साधारण २४३० मैल, म्हणजे १०० टक्केवाल्या क्लासने सुद्धा एकवीस वेळा एका बाजूने जायला हवं. गुहागरकर भाऊ, तुका एक सांगतंय, मस्कतच्या चार फेऱ्यांत कुठलंच स्टेटस मिळणार नाही, तो विचारच सोडून दे आणि नुसत्या तिकिटाच्या पॉईंटचा विचार कर.

दापोलीची_काकू

मुलांनो मी निवृत्त शिक्षिका आहे, मला हे सगळं नीट कळत नाही पण वाचून एक विचारावंसं वाटलं. माझा मुलगा न्यूजर्सीला आहे. आम्ही दोघं दर दोन वर्षांनी जातो, कधी एअर इंडियाने तर कधी फ्रँकफर्टवरून. मुलगा तिकीट काढतो. आजपर्यंत आम्ही कसलेही पॉईंट घेतलेले नाहीत कारण काउंटरवर ती मुलगी विचारायची मेंबर आहात का आणि आम्ही नाही म्हणायचो. दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्याने घ्यावं का? आणि आमच्या वयाला ते सांभाळणं जमेल का?

सावंतवाडी_तिकीटवाली

काकू, जरूर घ्या, आणि तुमच्यासारख्यांनाच जास्त उपयोग आहे कारण तुमचा पल्ला लांबचा. मुंबई ते न्यूयॉर्क-नेवार्क ७८०० मैलांच्या आसपास आहे. ५० टक्क्यांचा क्लास धरला तरी एका बाजूचे ३९०० मैल. म्हणजे गुहागरकर दादा वर्षभरात जेवढं उडतात तेवढे तुम्हाला एका उड्डाणात मिळाले, आणि तुम्ही दोघं!

तुमची अडचण फक्त मुदतीची. क्रिसफ्लायरचे मैल ३६ महिन्यांत संपतात, लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरचं पण स्टेटस नसेल तर ३६ महिनेच. तुम्ही दोन वर्षांनी जाणार, म्हणजे दुसरी ट्रिप होईपर्यंत पहिल्या ट्रिपच्या मैलांना एकच वर्ष उरणार, आणि तेवढ्यात तिकिटापुरते साठले नाहीत तर गेले. म्हणून मी अमेरिकेला पोरं असलेल्या आईवडिलांना युनायटेडचं माइलेजप्लस सांगते. ऑगस्ट २०१९ पासून त्यांच्या मैलांना मुदतच नाही. एअर इंडिया आणि लुफ्तान्सा दोन्ही स्टार अलायन्समध्ये आहेत, एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून, त्यामुळे दोन्हीकडच्या प्रवासाचे मैल तिथे टाकता येतात. आणखी एक फायदा, मैल वापरून भागीदार कंपनीचं तिकीट काढलं तर युनायटेड इंधनाचा अधिभार लावत नाही. फक्त तिकीट काढायच्या आधी मुलाला तेवढं अक्षर बघायला सांगा.

सांभाळायचं असं काही नाही. दोघांची दोन खाती, नंबर एका वहीत लिहून ठेवा, पासपोर्टच्या प्लास्टिकमध्ये पण एक चिठ्ठी.

दापोलीची_काकू

दोन खाती कशाला, ह्यांच्याच नावावर दोघांचे नाही का जमत?

सावंतवाडी_तिकीटवाली

नाही काकू, ज्याचा पासपोर्ट त्याचंच खातं. काही कंपन्यांनी कुटुंबाचं एकत्र खातं दिलंय, एमिरेट्स, कतार आणि आता एअर इंडियाकडे पण आहे, तिथे प्रत्येकाचं आपापलं खातं असतं आणि मग पॉईंट एका ठिकाणी गोळा होतात. खरं तर गुहागरकर दादांनी पण हे बघायला हवं. तिघांचे थोडे थोडे वेगळे राहण्यापेक्षा एकत्र आले तर तिकिटापुरते लवकर होतील.

गुहागरकर_मस्कत

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू तुम्ही विचारलंत ते बरं झालं, मला पण मुदतीचं गणित आत्ता कळलं. मी विमानाचं सांगायचं राहिलो. कंपनीचं तिकीट कायम ओमान एअरचं असतं. माझं स्वतःचं स्वस्त जे मिळेल त्याने, कधी इंडिगो कधी सलाम एअर. बायको-मुलीचं मात्र मी ओमान एअरचंच काढतो, थोडं महाग पडलं तरी, कारण दोघीच येतात आणि काही उशीर-बिशीर झाला तर मला इथल्या इथे ऑफिसला जाऊन बोलता येतं.

तांडेल_देवगड

अरे मग तुझं अर्धं काम झालेलंच आहे! ओमान एअर ३० जून २०२५ ला वनवर्ल्डमध्ये आली. म्हणजे त्यांच्या प्रवासाचे मैल तू त्यांच्याच सिंदबादमध्ये टाकू शकतोस किंवा कतारच्या प्रिव्हिलेज क्लबमध्ये किंवा ब्रिटिश एअरवेजमध्ये पण. कतार आणि ब्रिटिश दोघांचं चलन एकच, एव्हिऑस, आणि दोन खाती जोडली की इकडचे तिकडे करता येतात. माझं वनवर्ल्डचं खातं कतारमध्ये आहे त्याचं हेच कारण, विमान कुठलंही पडलं तरी चलन एक राहतं. तीन वर्षांत काहीतरी हालचाल झाली की मुदत पुढे जाते, जहाजावर सहा-सहा महिने नेट नसलं तरी चालतं.

रत्नांग्रीकर_बंगळूर

हे मला माहीत नव्हतं. पण दादा एक सावधानी म्हणून सांगतो. विमान कंपनी राहते की नाही ह्याचा पण विचार ठेवा. किंगफिशर वनवर्ल्डमध्ये जाणार जाणार म्हणत होती, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये उड्डाणंच थांबली. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली. जेटच्या लोकांचे मैल वाचले कारण तो प्रोग्रॅम वेगळ्या कंपनीकडे होता, त्याचं नाव पुढे इंटरमाइल्स झालं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे पॉईंट महाराजा क्लबमध्ये गेले, म्हणजे तिथे पण मेंबरांचे पैसे बुडाले नाहीत. पण दर वेळी असं होईलच असं नाही, आणि कंपनी चालू असली तरी एका तिकिटाला किती मैल लागणार हा आकडा ते वाढवू शकतात, आपल्याला विचारत नाहीत. म्हणून जमले की वापरून टाका. पॉईंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, त्यावर व्याज मिळत नाही.

सावंतवाडी_तिकीटवाली

अगदी बरोबर. साठवत बसणारे माझ्याकडे नेहमी येतात, आठ-दहा वर्षं साठवलेले आणि मग लागणारे मैल वाढले म्हणून परत थांबलेले.

आणि फुकट तिकीट हा शब्द डोक्यातून काढा. पॉईंटवर तिकीट काढलं तरी कर भरावे लागतात, आणि काही कंपन्या इंधनाचा अधिभार पण लावतात. ब्रिटिश एअरवेजच्या स्वतःच्या लांबच्या फ्लाईटवर हा अधिभार मोठा असतो. शिवाय लंडनहून निघणाऱ्या माणसावर ब्रिटन सरकारचा प्रवासी कर आहे, तो पॉईंटच्या तिकिटावर पण लागतो. आईचं परतीचं तिकीट बघताना हे लक्षात ठेवा. कधी कधी कर आणि अधिभार मिळून एवढे होतात की ऑफरमधलं साधं तिकीट त्याच्या जवळपास मिळतं, मग पॉईंट कशाला घालवायचे. छोट्या पल्ल्याला मात्र एव्हिऑस कमी लागतात, मस्कत-मुंबईसारख्या.

आता गणपतीचं. पॉईंटवर द्यायच्या सीट प्रत्येक विमानात मोजक्या असतात. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मुंबईकडे येणाऱ्या विमानात त्या शेवटी शेवटी शोधून मिळत नाहीत. ह्या सीट साधारण अकरा महिने आधी उघडतात. आपल्याला चतुर्थी कधी ते पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरात दिसतंच, मग रजेचा अर्ज आणि सीट दोन्ही तेव्हाच बघायचं. मे महिन्यात त्या मानाने आखाताकडून येताना बरं असतं पण शाळांच्या सुट्ट्या लागल्या की तेही जातं.

तांडेल_देवगड

कार्डाचं कोणी लिहिलं नाही. विमान कंपनीच्या नावाचं क्रेडिट कार्ड घेऊन पॉईंट जमवणारे माझ्याबरोबर दोघं आहेत. महिन्याचं बिल पूर्ण भरत असाल तरच. एक महिना जरी बाकी राहिली तर व्याजात सगळ्या वर्षाचे पॉईंट जातात. आमच्यातला एक जण जहाजावर असताना बिल भरायचं राहिलं, परत आल्यावर त्याने जे भरलं त्यात त्याचं अख्खं कुटुंब मुंबईहून गोव्याला विमानाने जाऊन आलं असतं. लाउंजसाठी मात्र इकॉनॉमीवाल्याला कार्ड हा सोपा रस्ता आहे, त्याला कुठलं गोल्ड लागत नाही, पण अटी वाचून घ्या.

गुहागरकर_मस्कत

तीन दिवस बसून केलं ते लिहितो, कोणाला उपयोग होईल.

पहिलं म्हणजे नाव. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं आहे. त्या दोनपैकी एका खात्यात वडिलांचं नाव नव्हतं, दुसऱ्यात आडनावाच्या जागी वडिलांचं नाव गेलेलं. म्हणूनच मागच्या दोन प्रवासांचे पॉईंट जमा झाले नव्हते आणि मी समजत होतो कंपनी देतच नाही! पासपोर्टची प्रत पाठवून दुरुस्त करून घेतलं. बायकोचं तर आणखी अवघड, पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाचा आणि एक खातं माहेरच्या नावाने. तेही झालं.

दुसरं, सिंदबाद की कतार ह्यावर बराच घोळ घातला आणि शेवटी कतारमध्ये तिघांची खाती काढून कुटुंबाचं एकत्र केलं. कारण उद्या मी मस्कत सोडून दोह्याला गेलो किंवा परत गावी आलो तरी एव्हिऑस उपयोगी पडतील, आणि मोपाहून कतारचं विमान आहे म्हणून सासुरवाडीच्या लोकांना पण, ते कणकवलीचे. बाकीची जुनी खाती तशीच राहू देतो पण त्यांच्यासाठी एक पैसा जास्त घालवणार नाही. माझं स्वतःच्या खिशातलं तिकीट स्वस्तच घेणार, बंगळूरवाल्या भावाचं ते पटलं.

आता राहिलं जुन्या प्रवासांचं. त्याचं काय करता येईल?

सावंतवाडी_तिकीटवाली

राहिलेले मैल मागून घेता येतात, बऱ्याच प्रोग्रॅममध्ये प्रवासानंतर सहा महिन्यांपर्यंत. पण खातं प्रवासाच्या नंतर काढलेलं असेल तर सगळीकडे देत नाहीत, तुमच्या कतारच्या खात्याचं ते तपासा. मागताना तिकीट नंबर लागतो, तेरा आकडी असतो, सहा अक्षरी पीएनआर (बुकिंगचा नंबर) वेगळा, लोक तो देतात आणि अर्ज परत येतो. बोर्डिंग पासचा फोटो मैल जमा होईपर्यंत फोनमधून काढू नका. मोबाईलवरचा बोर्डिंग पास असेल तर स्क्रीनशॉट, कारण विमान उडाल्यावर तो ॲपमधून जातो कधी कधी.

आणि सासुरवाडीचं तिकीट काढताना विमानतळाचा कोड बघा. गोव्यात विमानतळ दोन, मोपा जीओएक्स, दाबोळी जीओआय. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झालं तरी अजून माणसं एका ठिकाणी गाडी लावतात आणि परतीचं विमान दुसऱ्या ठिकाणी उतरतं.

दापोलीची_काकू

मुलाने काल आमच्या दोघांची युनायटेडची खाती काढून दिली. मी वहीत नंबर लिहिलेत. गुहागरकर, आईचं काय ठरलं? पहिल्यांदा विमानात बसणार आणि एकट्या लंडनला, मला तर वाचल्यापासून काळजी वाटतेय. व्हीलचेअर सांगा बरं का, चालता येत असलं तरी. ह्यांना फ्रँकफर्टला आम्ही घेतली होती, नेणारा माणूस शेवटच्या दरवाज्यापर्यंत सोडतो, भाषेची अडचण येत नाही. तिकीट काढतानाच सांगायचं, पैसे पडत नाहीत.

गुहागरकर_मस्कत

काकू, आईचं ठरलं. पॉईंटवर नाही काढलं, तेवढे नव्हतेच. मुंबईहून थेट लंडनचं तिकीट आणि मस्कतवरून जाणारं, दोन्ही बघितली. थेटचं वेळेला बरं होतं आणि ती एकटी म्हणून मी आधी तेच काढणार होतो. मग मस्कतवरून ओमान एअरचं काढलं, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, सामान चिपळूणच्या गाडीतून काढून मुंबईला दिलं की सरळ हीथ्रोला. व्हीलचेअर सांगितली. तिचं पण कतारचं खातं काढलं, नाव पासपोर्टप्रमाणे, आजोबांचं नाही तर बाबांचं मधे, आडनाव शेवटी, तीनदा तपासलं. क्लासचं अक्षर ताईंनी सांगितल्याप्रमाणे बुकिंगच्या आधी बघितलं, ५० टक्केवालं निघालं.

आणि मी साहेबांकडे पाच दिवसांची रजा मागितली ती मिळाली. मुंबई ते मस्कत तिच्याबरोबर माझी बायको असेल, तिची आणि मुलीची दिवाळीची ट्रिप त्याच दिवसाला लावली, आणि मस्कतहून पुढे लंडनपर्यंत मी. शेजारच्या दोन सीट घेतल्यात, खिडकीची आईची. तिला सांगितलं तर म्हणाली बहिणीसाठी डिंकाचे लाडू आणि मेतकूट किती किलो चालेल ते आधी विचार.

तांडेल_देवगड

डबाबंद आणि चेकइन बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत नको. दूध-तुपाचं लंडनला चालत नाही, त्यामुळे लाडू तुपातले असतील तर बहिणीकडेच तूप घेऊन तिथे वळायला सांग, डिंक आणि खारीक तेवढी पाठव.

गुहागरकर_मस्कत

हे आईला कोण सांगणार हा प्रश्न आहे पण सांगतो. रात्री फोन करतो.